तूप थिजतं, पाणी गोठतं: एका कोशनोंदीचं कामकाज

१७ ऑक्टोबर २०२४

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आम्ही चौघं शिक्षक क्रियापदांचा एक छोटा कोश करतो आहोत. माझ्याकडे आलेल्या गटावर सरांनी पेन्सिलीने ‘घट्ट होणे’ असं लिहून दिलंय. त्याखाली नऊ क्रियापदं: आटणे, आळणे, गोठणे, थिजणे, दाटणे, धरणे, मुरणे, विरजणे, साकळणे. जूनमध्ये मी कच्चा मसुदा केला होता. त्यात नवांपैकी सहांपुढे एकच अर्थ आहे, ‘घट्ट होणे’. आज वाचताना अस्वस्थ व्हायला झालं. उद्या एखाद्या मुलीने हा कोश बघून ‘आमटी थिजली’ किंवा ‘तळं आळलं’ असं लिहिलं, तर तिला लाल शाई कशी लावायची? कोशात तसंच छापलेलं असेल.

काल कोजागिरी होती. गच्चीवर दोन लिटर दूध दीड तास आटवलं. आटवताना पातेल्याच्या कडेला जुन्या पातळीची रेघ राहते, दूध खाली जातं आणि रेघ वर तशीच. ‘आटणे’चा अर्थ त्या रेघेत आहे. जे होतं ते कमी झालं, हे आधी. मागे उरलेलं दाट झालं, हे नंतर. विहीर आटते तेव्हा तर काहीच दाट होत नाही. माया आटते, गायीचं दूध आटतं, तिथेही उरण्याचं नाव नाही.

निर्णय: आटणे या गटात ठेवायचं, पण पहिला अर्थ ‘कमी होत जाणे’. ‘आटीव दूध’ उदाहरणात घ्यायचं.

२१ ऑक्टोबर

आळणे. ह्यासाठी स्वयंपाकघरात उभं राहिले.

आई पिठलं करत होती. फोडणीच्या पाण्याला उकळी आली की डाळीचं पीठ भुरभुरत सोडायचं आणि हात थांबू द्यायचा नाही. पहिला अर्धा मिनिट पाणी पाणीच राहतं. मग पळीमागे वाट उघडी पडायला लागते आणि ती मिटायला उशीर लागतो. आई म्हणाली, “बघ, आळायला लागलं.” पाणी आटलेलं नव्हतं, पातेल्यात सगळं होतं तेवढंच होतं. पिठातले स्टार्चचे कण साधारण साठ-सत्तर अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगतात आणि त्या फुगण्याने पातळ पदार्थ दाट होतो. म्हणजे आळण्याला दोन गोष्टी लागतात: विस्तव आणि कशाची तरी साथ. अळूच्या पातळ भाजीला डाळीचं पीठ लावतात त्यालाच ‘आळण’ म्हणतात. काही घरांत पालकाची तशी भाजीच ‘आळण’ या नावाने ताटात येते. क्रियापदाचं नाम होऊन थेट जेवायला बसलं आहे, असा शब्द कोशातून सुटता कामा नये.

एक गोष्ट आईनेच लक्षात आणून दिली. गरम पिठलं थोडं सैल असतानाच उतरवावं लागतं, कारण “ते खाली उतरल्यावरही आळतं.” निवताना आणखी घट्ट होणं हेही आळण्यातच बसतं तर.

लाक्षणिक वापर शोधला. फार नाही. पण माझ्या पहिल्या शाळेतल्या मुख्याध्यापिका निबंध परत देताना म्हणायच्या, “पातळ झालाय, जरा आळू दे.” इतकं नेमकं मार्गदर्शन मला नंतर कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नाही. उदाहरण म्हणून घालते आहे, सरांना पटेल का बघू.

५ नोव्हेंबर

दिवाळीत काम झालं नाही.

१२ नोव्हेंबर

गोठणे. सगळ्यात जास्त कात्रणं ह्याचीच निघाली, कारण वर्तमानपत्रांना हा शब्द दर हिवाळ्यात लागतो. ‘महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले’ ही बातमी वाचतच आम्ही मोठे झालो. वर्गात दरवर्षी एक तरी मुलगा विचारतो, की पारा चार-पाच अंशांवर असताना दव कसं गोठेल? बरोबर प्रश्न आहे. पारा मोजतात तो जमिनीपासून वरच्या हवेचा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवताचं पातं, गाडीचा टप आपली उष्णता आकाशाकडे सोडत हवेपेक्षा बरेच थंड होतात आणि त्यांच्यावरचं पाणी शून्याला पोचतं. हे उत्तर कोशात मावणार नाही, वर्गात सांगता येईल.

आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाडकडे थंडी उतरली की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. एका विद्यार्थ्याच्या वडिलांना विचारलं, थंडीने बागेत काय गोठतं? ते म्हणाले, “मॅडम, गोठत काही नाही, मण्याची फुगवण थांबते.” मी उदाहरण लिहून ठेवलं होतं, ‘थंडीने द्राक्षं गोठली’. खोडलं.

गोठणे म्हणजे पाण्याचं, किंवा ज्यात पाणी मुख्य आहे अशाचं, थंडीने दगडासारखं होणं. कडकपणा ह्यात आला पाहिजे. थिजलेल्या तुपात बोट जातं, गोठलेल्या पाण्यात जात नाही.

२४ नोव्हेंबर

निवडणुकीच्या ड्युटीत आठवडा गेला. २० तारखेला मतदान, त्याआधी प्रशिक्षण, साहित्यवाटप, केंद्रावर मुक्काम. त्या धावपळीतही वहीत एक ओळ लिहिली होती: ‘गोठवणे’ स्वतंत्र नोंद हवी.

कारण सरकारी मराठीने ह्या शब्दाला वेगळंच आयुष्य दिलं आहे. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेनेचं धनुष्यबाण हे चिन्ह तात्पुरतं गोठवलं, तेव्हा राज्यातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ‘गोठवलं’ हेच क्रियापद होतं. बँक खातं गोठवतात. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने महागाई भत्त्याची वाढ जून २०२१ पर्यंत गोठवली, तो शब्द तर आमच्या शिक्षकखोलीत महिनोन्‌महिने घुमत होता. ह्या सगळ्या ठिकाणी थंडी कुठेच नाही. वस्तू आहे तशी राहते, फक्त तिचा वापर थांबतो. आणि थांबवणारा कोणीतरी असतो, त्याच्याकडे अधिकार असतो, तो उद्या मोकळंही करू शकतो.

‘खातं थिजवलं’ असं कोणी म्हणत नाही. तलाठी कार्यालयात नाही, बँकेत नाही. सरकार गोठवतं. माणसं थिजतात. हा फरक मुलांना सांगायलाच हवा.

३ डिसेंबर

सकाळी न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तर थेंब येईना. आतमध्ये पांढरं, दुधी, भिंतीला धरून बसलेलं. घरातला थर्मामीटर १८ दाखवत होता. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या आसपास पातळ होतं, त्याच्या बरंच खाली गेलं की घट्ट होतं. म्हणून माझ्या रत्नागिरीच्या मावशीच्या बाटलीला हा प्रश्न फारसा पडत नाही आणि आम्हाला डिसेंबर-जानेवारीत रोज बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करावी लागते.

मी म्हणाले, “आई, तेल गोठलं.”

“गोठलं काय? थिजलं म्हण. तेल-तूप थिजतं.”

तिने हे कुठे वाचलेलं नाही. तिच्या आईकडून आलंय. दिवसभर मी शाळेत, भाजीवाल्याकडे, रिक्षात प्रत्येकाला विचारत सुटले. साठीच्या पुढची माणसं जवळजवळ एकमुखाने ‘थिजलं’ म्हणतात. विशीतली मुलं ‘गोठलं’ म्हणतात, किंवा ‘घट्ट झालंय’. म्हणजे शब्द अजून आहे, पण खालच्या पिढीत पातळ होत चाललाय. शेजारच्या गुजराती काकींना विचारलं तर त्या लगेच म्हणाल्या, “घी थीजी गयुं.” त्यांच्याकडे थंडीने पाणीही थीजतं. आपल्याकडे पाणी थिजत नाही.

तर थिजणे: तूप, तेल, चरबी यांसारखा स्निग्ध पदार्थ गारव्याने घट्ट होणे. हे कोशात पहिल्या ओळीत हवं. ‘घट्ट होणे’ एवढंच लिहून आम्ही मुलांच्या हातातून तुपाचा डबा काढून घेत होतो.

११ डिसेंबर

काल रात्री आईने लोणी कढवलं. आठ दिवसांची साय, ताक घुसळून काढलेलं लोणी, एवढंच. कढवताना आधी फसफस आवाज येतो, तो पाण्याचा. तो थांबला, बेरी तांबूस झाली, घर वासाने भरलं की गॅस बंद. गाळलेलं तूप स्टीलच्या डब्यात, वर जाळी. मला घाई होती, डबा फ्रीजमध्ये ठेवायला निघाले. आईने हात धरला. “अगं नको. आपलं आपण थिजू दे. फ्रीजात ठेवलंस तर मेणासारखं होईल.”

आज सकाळी डबा उघडला. वर किंचित सोनेरी, पातळ थर. त्याखाली दाणे, रव्यासारखे, एकमेकांना टेकून बसलेले. चमचा घातला की करकर आवाज होत होता, अगदी बारीक. ह्याला रवाळ तूप म्हणतात. हळू निवताना चरबीच्या स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो म्हणून दाणे मोठे होतात. एकदम गार केलं तर सगळीकडे बारीक बारीक स्फटिक होऊन तूप गुळगुळीत थिजतं. थिजण्यालाही प्रत असते, हे मी पन्नाशीला आल्यावर डोळ्यांनी पाहिलं.

मग एकनाथ महाराज काढले. एकनाथी भागवत काशीत १५७३ साली पूर्ण झालं. त्यात सगुण-निर्गुणाचा वाद सोडवताना नाथांनी हाच डबा उघडला आहे. विघुरलेलं तेही तूपच, पण थिजलेलं त्याहून गोड लागतं, तसा निर्गुणापेक्षा सगुणात आनंद अधिक, असं ते सांगतात. साडेचारशे वर्षांपूर्वी ‘थिजणे’ ह्या शब्दात भीतीचा लवलेश नव्हता. निराकार देवाने भक्तासाठी आकार धरला, हाताला लागेल असा झाला, जिभेला गोड लागला, हे सांगायला नाथांना हा शब्द योग्य वाटला. आज कुठल्याही कथेत थिजणारं पात्र घाबरलेलंच असतं.

आणि ‘विघुरणे’? तूप पातळ होण्याचा केवढा सुंदर शब्द. आज घरात आम्ही ‘पाघळलं’ किंवा ‘वितळलं’ म्हणतो. वर्गात एकालाही ‘विघुरलं’ माहीत नव्हतं. कोशात त्याला जागा मागणार आहे.

१९ डिसेंबर

काकांना दवाखान्यात ठेवलंय. पाय मोडल्यावर सहा आठवडे अंथरुणावर होते, आता पोटरी सुजून लाल झाली, दाबली की ओरडतात. डॉक्टर म्हणाले शिरेत गुठळी झाली आहे, रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं चालू केली. संध्याकाळी दारात काकू सगळ्यांना सांगत होत्या, “पायात रक्त साकळलंय हो.” डॉक्टर ‘गोठलंय’ म्हणाले होते. मी काकूंचा शब्द लिहून घेतला. अशा वेळी वही काढायची लाज वाटली, पण काकूंनीच विचारलं काय लिहितेस, आणि सांगितल्यावर म्हणाल्या, “लिही लिही. मुका मार लागला की साकळतं. हिंडणंफिरणं थांबलं की साकळतं.”

ह्यात थंडी नाही, विस्तव नाही. वाहणारं एका जागी थांबतं, साचतं आणि मग घट्ट होतं. वैद्यकात सांगतात तेही फार वेगळं नाही: रक्ताचा वेग मंदावला, शिरेच्या अस्तराला इजा झाली किंवा रक्ताचा गोठण्याकडे कल वाढला, की शिरेत गुठळी धरते. जखमेवर हेच घडलं तर जीव वाचतो. रक्तातल्या एका विरघळलेल्या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे तयार होतात, त्या जाळीत रक्तपेशी अडकतात आणि भोक बुजतं.

काही जण ‘साखळलं’ म्हणतात. दोन्ही रूपं द्यायची.

लाक्षणिक: डोळ्यांत साकळलेलं दुःख, मनात साकळलेला राग. इथे ‘गोठलेला राग’ म्हटलं तर राग थंड पडल्यासारखा वाटतो. साकळलेला राग निळा पडून आत ठुसठुसत राहतो.

२१ डिसेंबर

काका बरे आहेत, सूज उतरते आहे.

रात्री दवाखान्याच्या बाकावर थिजणेच्या लाक्षणिक अर्थाचा मसुदा लिहायला घेतला. पहिल्यांदा लिहिलं: ‘भीतीने किंवा धक्क्याने जागच्या जागी स्तब्ध होणे’. बरोबर आहे. तरी समाधान होईना.

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅससमोर उभी होते. दूध वर येत होतं. ते वर येताना दिसत होतं, काठावर आलं, उतू गेलं, बर्नरवर पडून जळल्याचा वास आला. मला सगळं कळत होतं. हात बटणापर्यंत गेला नाही. किती वेळ ते माहीत नाही, फार तर मिनिटभर. मग आईने मागून खांद्यावर हात ठेवला आणि माझा हात हलला. मी गॅस बंद केला आणि फडकं शोधायला लागले.

ते थिजणं होतं. बाहेरून मऊच, आतून हलता न येणारं, आणि एका उबेने सुटलेलं.

आईचं तसं झालं नाही. ती थिजली नाही, तेव्हाच सगळ्यांना फोन करायला लागली. तेरा दिवस तिने पै-पाहुण्यांचं सगळं केलं, रडली नाही. मोठी मावशी म्हणाली, “गोठलीय ती आतून.” ते मोकळं व्हायला पाऊस पडावा लागला, अगदी खरोखरचा, जूनमधला पहिला, बाबांनी लावलेल्या पारिजातकाखाली ती उभी होती आणि तिचा कंठ दाटून आला. त्यानंतर आईला रडता आलं.

मावशीने ‘गोठलीय’ म्हटलं, ‘थिजलीय’ म्हटलं नाही. तिने शब्द निवडलाही नसेल. तो तसाच तिच्या तोंडात होता.

सुधारित अर्थ: ‘अचानक आलेल्या धक्क्याने क्षणभर हलता-बोलता न येणे’. ‘क्षणभर’ हा शब्द ठेवायचाच. फक्त ‘डोळे थिजले’ हा वाक्प्रचार वेगळा द्यायचा, कारण तो मरणाऱ्याच्या डोळ्यांसाठीही वापरतात आणि तिथे क्षणभर नसतं.

२ जानेवारी २०२५

विरजणे. थंडीत दही लागत नाही ही घराघरातली तक्रार आहे आणि मुलांना अनुभवाची आहे, म्हणून काल वर्गात प्रत्येकाला घरी दूध विरजून यायला सांगितलं होतं. आज सकाळी डबे उघडले. ज्यांनी दूध कोमट करून, विरजण लावून, डबा पिठाच्या डब्यात किंवा रजईत ठेवला होता त्यांचं छान कवडी दही. ज्यांनी ओट्यावर तसंच ठेवलं त्यांचं अधमुरं, हलवलं की दूध दिसणारं. एकीचं नासलं होतं. ती रडवेली झाली, तिला म्हटलं तुझा डबाच आज सगळ्यात उपयोगाचा आहे, विरजणं आणि नासणं शेजारी ठेवून दाखवता येतं.

विरजणातले जीवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. आंबटपणा एका टप्प्याला पोचला की दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना धरतं आणि दही लागतं. म्हणून थंडी-उष्णता इथे फक्त त्या जीवाणूंच्या सोयीपुरती. आणि एकदा लागलेलं दही पुन्हा दूध होत नाही. घुसळलं तर ताक होईल, टांगलं तर चक्का होईल. मागे जायला वाट नाही.

इथे एका मुलीने मला गप्प केलं. “मॅडम, दही तर चांगलं असतं, मग उत्साहावर विरजण पडलं हे वाईट का?”

घरी येईपर्यंत विचार करत होते. मला वाटतं, कारण त्या दुधाचं दही करायचं कोणी ठरवलेलंच नव्हतं. दूध तापवून ठेवलंय, खीर करायचीय, आणि कुणाचा तरी आंबट चमचा त्यात बुडाला. पातेलंभर दुधाला एवढासा थेंब पुरतो आणि केलेलं मागे घेता येत नाही. सहलीच्या आदल्या संध्याकाळी ‘बस रद्द’ एवढी दोन शब्दांची सूचना आली की चाळीस मुलांच्या उत्साहाचं जे होतं, ते नेमकं हेच. उद्या तिला हे सांगणार आहे.

१५ जानेवारी

संक्रांत. काल तिळाच्या वड्या. पाक ताटलीतल्या गार पाण्यात थेंबभर टाकून बघायचा. पसरला तर कच्चा, बोटांत गोळी वळली तर झाला. चिक्कीचा गूळ असेल तर गोळी ताटलीवर टण्‌ असा आवाज करते. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळातही गुळव्या काहिलीतल्या पाकाची गोळी अशीच पाण्यात बघतो, फक्त आमच्या पातेल्याऐवजी तिथे माणूस मावेल एवढी काहील असते. माझ्या वड्या पहिल्या घाण्याला पडल्या नाहीत. आई म्हणाली, “पाक धरला नव्हता.”

धरणे! नऊ शब्दांत हा सगळ्यात साधा आणि मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. साय धरते. बर्फ धरतो. शाळेच्या नव्या खोलीचा स्लॅब टाकताना गवंडी ओरडत होता, “माल धरायच्या आत ओता.” सिमेंटच्या भारतीय मानकाप्रमाणे साधं सिमेंट अर्ध्या तासाच्या आत धरायला लागता कामा नये आणि दहा तासांच्या आत पूर्ण धरलं पाहिजे. मुलं ‘सिमेंट सुकलं’ लिहितात. ते सुकून घट्ट होतच नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन होतं. सुकू नये म्हणूनच तर त्यावर दिवसेंदिवस पाणी मारतात. गवंड्याचा शब्द पुस्तकातल्यापेक्षा अचूक आहे.

लाक्षणिक अर्थांची तर रांगच: बाळाने बाळसं धरलं, रोपाने मूळ धरलं, पावसाने जोर धरला, गाण्याने सूर धरला. विस्कळीत होतं ते एकत्र येऊन टिकाऊ झालं. ह्या गटातलं सगळ्यात आशेचं क्रियापद हेच. नोंद पुन्हा लिहायची.

२८ जानेवारी

सरांबरोबर बैठक. त्यांचं म्हणणं, प्रत्येक क्रियापदाला साठ शब्द, एकही जास्त नाही. माझ्या नोंदी दोनशेच्या वर गेल्या आहेत. सर म्हणाले, “मॅडम, हा छोटा कोश आहे. दाते-कर्व्यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग करायला १९३२ ते १९३८ घेतले. आपल्याकडे मार्च आहे.”

त्यांचं बरोबर आहे. पण ‘घट्ट होणे’ एवढ्यावर मी परत जाणार नाही, हेही सांगितलं. शेवटी सरांनीच वाट काढली: प्रत्येक नोंदीत तीन प्रश्नांची उत्तरं द्या, बाकी सोडा. काय घट्ट होतं? कशाने? परत पातळ होतं का? तिसरा प्रश्न माझा. तो ऐकून सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “हा ठेवाच.”

कारण लाक्षणिक अर्थ त्याच्यावर तोलतो. थिजलेलं तूप उबेने पाघळतं, थिजलेला माणूस हाकेने हलतो. गोठलेलं वितळायला जास्त ऊन लागतं. साकळलेलं हळूहळू ओसरतं, डाग ठेवून. विरजलेलं परत येत नाही. कंठ दाटतो तो रडून मोकळा होतो, ढग दाटतात ते बरसून.

‘मुरणे’ गटातून काढलं. लोणचं मुरतं तेव्हा मीठ-मसाला आत जातो, घट्टपणाचा त्यात संबंध नाही. ‘पाणी कुठेतरी मुरतंय’ तर त्याहून लांबचं. फक्त ‘अधमुरं दही’ विरजणेच्या नोंदीत जाईल. विघुरणेला जागा मिळाली, थिजणेच्या खाली एक ओळ, ‘जुन्या मराठीत’ अशी खूण करून. मुख्याध्यापिकाबाईंचं ‘जरा आळू दे’ सरांनी वाचलं आणि त्याच्याखाली स्वतः रेघ मारली. राहिलं.

६ फेब्रुवारी

अंतिम प्रत. थिजणेची नोंद अशी गेली:

‘थिजणे (अकर्मक): तूप, खोबरेल तेल, चरबी असा स्निग्ध पदार्थ गारव्याने घट्ट होणे, उबेने पुन्हा पातळ होतो. थंडीत तूप थिजलं. हळू थिजलेलं तूप रवाळ होतं. लाक्षणिक: अचानक धक्क्याने क्षणभर हलता-बोलता न येणे. फोन ऐकून ती जागच्या जागी थिजली. पाणी थिजत नाही, गोठतं. पीठ लावलेली आमटी आळते. उलट: पाघळणे, जुन्या मराठीत विघुरणे.’

‘असा’ काढू की नको, यावर पाव तास गेला. ठेवला.

पाठवण्याआधी सगळ्या नोंदी आईला वाचून दाखवल्या. ती डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोप लागली. धरणेची नोंद संपल्यावर म्हणाली, “साय कुठंय?”

पाहिलं तर खरंच राहिली होती. ‘दुधावर साय धरली’ हे पहिलं उदाहरण म्हणून घातलं, ‘पावसाने जोर धरला’ एक ओळ खाली सरकवलं आणि प्रत सरांना पाठवून दिली.